जाब द्यायचा कोणी? : इस्लामी तत्त्वज्ञानातील मन आणि आत्मा

मन आणि आत्मा यांच्या नात्याकडे मराठी वाचक रिकाम्या हाताने येत नाही. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, दासबोध यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रवणातून एक चित्र आपल्या बोलण्यातच मुरले आहे. मन चंचल आणि जड, अंतःकरणाचा एक भाग, देहाच्या गोतावळ्यातले. आत्मा साक्षी, अलिप्त आणि शेवटी सगळ्यांत एकच. मने अनेक, आत्मा एक. हे चित्र मनात ठेवून इस्लामी तत्त्वज्ञांचे ग्रंथ उघडले की सुरुवातीला सारे ओळखीचे वाटते. तिथेही देहाहून वेगळा आत्मा आहे, त्याला भुलवणारी वासना आहे, इंद्रियांचा पसारा आहे. मग हळूहळू हिशेब जुळेनासा होतो. तिथे मन ही आत्म्याहून वेगळी वस्तू नाही, आत्म्याचीच एक शक्ती आहे. आणि आत्मा सगळ्यांत एक आहे असे कोणी म्हटले तर धर्मशास्त्रीच नव्हे, बहुतेक तत्त्वज्ञही दचकतात. याचे कारण माझ्या मते एकच आहे. आत्मा कशाचा बनला आहे, या प्रश्नाची या परंपरेला ओढ आहे खरी. पण तिला बेचैन करणारा प्रश्न निराळा आहे. कयामतच्या दिवशी जाब द्यायला जो उभा राहील तो मीच असेन कशावरून? मन आणि आत्मा यांच्याविषयीचे इथले जवळजवळ प्रत्येक मत या प्रश्नाच्या दडपणाखाली घडले आहे, आणि ते दडपण लक्षात घेतले नाही तर नवव्या शतकातल्या बगदादपासून सतराव्या शतकातल्या श्रीगोंद्यापर्यंतचे धागे हाती लागत नाहीत.

कुराणात आत्म्याची व्याख्या नाही. रूह ही परमेश्वराच्या आज्ञेतली बाब आहे आणि माणसाला तिचे ज्ञान थोडकेच दिले आहे, एवढे सांगून सतराव्या सूरेतली ती आयत थांबते. मात्र नफ्सच्या, म्हणजे माणसाच्या आतल्या 'मी'च्या, अवस्था कुराणात आहेत: वाईटाकडे खेचणारा नफ्स, स्वतःला दोष देणारा नफ्स आणि शांतवलेला नफ्स. म्हणजे स्वरूपाविषयी मौन आणि वर्तनाविषयी बारकावा. या मोकळ्या जागेत ग्रीक विचार शिरला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या भोवतीच्या अनुवादकांनी ॲरिस्टॉटल आणि गॅलेन अरबीत आणले. प्लोटिनसच्या लेखनाचा मोठा भाग तर 'ॲरिस्टॉटलचे ईश्वरशास्त्र' अशा चुकीच्या नावाने वाचला गेला. यावरून एक आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे ग्रीकांचेच, अरबी कपडे घातलेले, त्यात इस्लामी ते काय? आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे, कारण परिभाषा बहुतेक उसनीच आहे. पण ॲरिस्टॉटलला एका विशिष्ट माणसाचा आत्मा मरणानंतर टिकतो की नाही, याचे फारसे देणेघेणे नव्हते. बगदादमध्ये तोच ग्रंथ अशा लोकांच्या हाती पडला ज्यांच्या लेखी प्रत्येक माणसाची वेगळी नोंदवही लिहिली जात होती. ग्रीकांनी जिथे विषय सोडून दिला तिथूनच यांचा वाद सुरू होतो.

फाराबीने या वादात पहिली धारदार भूमिका घेतली. दहाव्या शतकातल्या या तत्त्वज्ञाच्या मते माणसाची बुद्धी जन्मतः केवळ एक शक्यता असते. चंद्राखालच्या जगावर देखरेख करणाऱ्या कर्तृबुद्धीच्या प्रकाशात ती प्रत्यक्ष ज्ञानाला पोचते, आणि पोचली की टिकते. ज्यांना काहीच उमजले नाही अशा अज्ञान नगरांतल्या लोकांचे आत्मे देहाबरोबर विरून जातात. ज्यांना सत्य कळले होते आणि तरी ज्यांनी दुष्टपणा केला, ते मात्र टिकतात आणि यातना भोगतात. इथे तर्क किती निष्ठुरपणे चालतो ते पाहण्यासारखे आहे. टिकण्याची पात्रता ज्ञानाने येते, म्हणून शिक्षेसाठीसुद्धा माणूस सुशिक्षित असावा लागतो! आत्मा म्हणजे मुख्यतः बुद्धी असे एकदा धरले की गावातल्या अडाणी पण सज्जन माणसाचे काय, याला उत्तर उरत नाही.

इब्न सीना (९८०–१०३७) या अडचणीवर जन्मभर काम करत होता असे त्याचे आत्म्यावरचे लेखन वाचताना वाटते. तो वैद्य होता आणि 'मन' म्हणून आपण जे सैलपणे म्हणतो त्याचे त्याने कसबी वैद्याप्रमाणे भाग पाडले. पाच बाह्य इंद्रियांमागे त्याने पाच अंतरिंद्रिये मांडली. इंद्रियांनी आणलेले एकत्र करणारे एक, त्या प्रतिमा साठवणारे दुसरे, त्यांची तोडजोड करणारे तिसरे, मग 'वह्म' आणि शेवटी स्मृती. या प्रत्येकाला त्याने मेंदूच्या पोकळ्यांत जागा नेमून दिली. यात वह्म सगळ्यांत रंजक आहे. मेंढी लांडगा पाहते तेव्हा तिच्या डोळ्यांना रंग दिसतो, आकार दिसतो, हालचाल दिसते. वैर दिसत नाही. तरी ती पळते. हे न दिसणारे वैर जिला जाणवते ती शक्ती म्हणजे वह्म. माणसातही ती आहे आणि बहुतेक वेळ तिचेच राज्य असते. इब्न सीनाचे उदाहरण मधाचे आहे. मध पित्तासारखा दिसतो असे कोणी म्हटले की तो खाववत नाही. बुद्धी सांगत असते की हा मध आहे, पण वह्माने निकाल दिलेला असतो आणि आत्मा त्याच्या मागे जातो. मन आणि आत्मा यांच्या नात्याविषयी शेकडो पाने जे सांगत नाहीत ते या एका उदाहरणात आहे. भुलणारा आत्माच आहे. आपल्याकडे अशा वेळी मनाला दोष देऊन आत्म्याला सोवळ्यात ठेवण्याची सोय आहे. ती सोय इब्न सीना ठेवत नाही.

त्याचा अधांतरी माणूस प्रसिद्धच आहे. कल्पना करा की एक पूर्ण वाढलेला माणूस एका क्षणात निर्माण झाला, डोळे झाकलेले, अवयव एकमेकांना न लागणारे, पोकळीत तरंगणारा, वाऱ्याचाही स्पर्श नाही. त्याला हातपाय आहेत हे कळणार नाही, पण 'मी आहे' हे कळेल. यावर पहिला आक्षेप कोणालाही सुचेल: मला देह ठाऊक नाही एवढ्यावरून मी देह नाही असे कसे ठरते? ज्याला पहाटेचा तारा आणि सायंतारा एकच आहे हे माहीत नाही, त्याच्या अज्ञानाने तारे दोन होत नाहीत. आक्षेप रास्त आहे, पण इब्न सीनाने हा प्रयोग सिद्धता म्हणून पुढे केला नव्हता. ज्याला आधीच जाणीव आहे त्याला आठवण करून देणारी खूण म्हणूनच तो येतो. त्याचा खरा युक्तिवाद वेगळा आहे. सामान्य संकल्पना अविभाज्य असते. विभागता येणाऱ्या देहात ती राहू शकत नाही. म्हणून तिला धारण करणारा आत्मा अदेही आहे. आणि प्रत्येकाचा आत्मा वेगळा का? कारण तो एका विशिष्ट देहाबरोबर अस्तित्वात येतो, आणि देह गेला तरी ते वेगळेपण पुसले जात नाही. साध्याभोळ्या आत्म्यांचे काय, यावर तो काही विद्वानांचे मत म्हणून सांगतो की त्यांना जे वर्णन करून सांगितले गेले होते ते सुख-दुःख ते कल्पनेत अनुभवतील. हे मत तो आपल्या नावावर घेत नाही. मोठ्या तत्त्वज्ञाची अडचण कधी कधी अशा दुसऱ्याच्या तोंडी घातलेल्या वाक्यात दिसते.

गझालीने (१०५८–११११) नेमके हे दुबळे सांधे हेरले. १०९५ च्या सुमारास लिहिलेल्या 'तहाफुत अल्‌-फलासिफा'त त्याने तत्त्वज्ञांचे वीस सिद्धान्त तपासले आणि तीन ठिकाणी त्यांना थेट धर्मबाह्य ठरवले. त्यातले एक म्हणजे देहासहित पुनरुत्थान नाकारणे. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अठरावा प्रश्न, कारण तिथे गझाली आत्म्याचे अस्तित्व नाकारत नाही, केवळ तत्त्वज्ञांचा पुरावा मोडतो. आणि मोडतो तो त्यांच्याच मेंढीने. लांडग्याचे वैर ही गोष्टही विभागता येत नाही. अर्धे वैर, पाव वैर असे काही नसते. तरी ते जाणणारी शक्ती मेंदूत, म्हणजे विभागता येणाऱ्या पदार्थात आहे असे तुम्हीच म्हणता. मग संकल्पना तिथे का राहू नये? माझ्या वाचनात या प्रश्नाचे पूर्ण समाधान करणारे उत्तर आलेले नाही. गझालीचा स्वतःचा मार्ग 'इह्या' या त्याच्या बृहद्‌ग्रंथातल्या एकविसाव्या ग्रंथात आहे. कल्ब (हृदय), रूह, नफ्स आणि अक्ल (बुद्धी) हे चारही शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जातात आणि तरी एका ठिकाणी ते एकाच ईश्वरी सूक्ष्म तत्त्वाकडे बोट दाखवतात, असे तो तिथे सांगतो. मग तो स्वरूपाची चर्चा जवळजवळ गुंडाळून ठेवतो आणि शिकारीचा दृष्टान्त घेतो: बुद्धी हा शिकारी, वासना हा घोडा, क्रोध हा कुत्रा. घोडा आणि कुत्रा मारून टाकायचे नाहीत, शिकवायचे आहेत. त्यांच्याशिवाय शिकार होत नाही. मनोनाशाची भाषा ऐकून वाढलेल्या वाचकाने इथे थोडे थांबावे.

इब्न रुश्दने (११२६–११९८) गझालीला उत्तर दिले ते अनेक बाबतींत खणखणीत आहे, पण आत्म्याच्या प्रश्नावर तो अशा टोकाला गेला की त्याचे समर्थक पॅरिसमध्ये निघाले आणि विरोधकही तिथेच. ॲरिस्टॉटलवरच्या त्याच्या दीर्घ भाष्याचे म्हणणे असे की सामान्य ज्ञान ग्रहण करणारी बुद्धी सर्व माणसांची मिळून एकच आहे. गणिताचा सिद्धान्त गुरूला कळतो आणि शिष्याला कळतो तेव्हा दोन सिद्धान्त होत नाहीत, तर मग तो धारण करणारी बुद्धी तरी दोन का? आपापल्या असतात त्या प्रतिमा, कल्पना, आठवणी. आणि त्या देहाबरोबर जातात. १२७० मध्ये थॉमस अक्वायनसने याविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या बिशपने हे मत निषिद्ध ठरवले. आपल्याकडचा वाचक मात्र हे वाचून खूश होण्याचा संभव आहे: म्हणजे अद्वैतच की! हा मोह आवरला पाहिजे. अद्वैतात मने अनेक आहेत आणि आत्मा एक. इब्न रुश्दकडे बुद्धी एक आहे आणि देहाला जिवंत ठेवणारे आत्मे अनेक. अद्वैतात जे एक ते जाणण्याच्या सर्व क्रियांच्या पलीकडे आहे. इथे जे एक ते म्हणजे जाणण्याची क्रियाच. दोन्हीकडे 'एक' आणि 'अनेक' हे शब्द आहेत, पण त्यांची घरे अदलाबदल झालेली आहेत. दारा शुकोहने १६५५ मध्ये 'मज्मउल बह्‌रैन' लिहून सूफी आणि वेदान्ती संज्ञांच्या जोड्या लावल्या. हेतू उदात्त होता, त्याची किंमतही त्याने मोजली. पण जोड्या लावण्याच्या पद्धतीत हीच अदलाबदल नजरेआड होते.

मुल्ला सद्राचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण त्याला न्याय द्यायचा तर वेगळे पुस्तक लागेल. त्याने म्हटले की आत्मा देहात वरून येऊन बसत नाही; तो देहातूनच उगवतो आणि स्वतःच्या गतीने अदेही होतो. शिवाय, टिकते ती केवळ बुद्धी नव्हे, कल्पनाशक्तीही टिकते. या एका पावलाने फाराबीच्या अडाणी सज्जनाला परलोकात जागा मिळाली आणि जाब देणाऱ्याला त्याच्या आठवणी परत मिळाल्या. सद्रा १६४० च्या आसपास वारला. १६४१ मध्ये देकार्तने मन आणि देह यांची फारकत करणारे आपले चिंतन छापले. आणि १६४५ मध्ये, म्हणजे शके १५६७ मध्ये, श्रीगोंद्यात वारकरी संत शेख महंमदांनी 'योगसंग्राम' पुरा केला. तिघांना एकमेकांची खबर नव्हती.

दख्खनमध्ये हा विचार अरबी ग्रंथांपेक्षा सूफींच्या तोंडून पसरला. गुलबर्ग्याचे गेसूदराज १४२२ मध्ये वारले. त्यानंतर विजापूरच्या चिश्ती घराण्याने, विशेषतः बुऱ्हानुद्दीन जानम यांनी, सोळाव्या शतकात दखनी भाषेत गद्य-पद्य लिहून आत्म्याची चर्चा सामान्य माणसापुढे आणली. पाच तत्त्वे आणि त्यांचे पंचवीस गुण ही त्यांची मांडणी आपल्या पंचीकरणाच्या इतकी जवळ आहे की देवाणघेवाण झाली नसेल असे म्हणणे अवघड आहे. त्याच परंपरेतली चक्कीनामे बायका दळताना म्हणत. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, म्हणजे अल्लाह. मधला आस म्हणजे महंमद. हाताला काम आणि जिभेला नाम. जात्यावरच्या ओवीला सरावलेल्या कानाला यात परके काही वाटू नये. ही दखनी आजही जिवंत आहे. बंगळूरच्या पूर्वेला के. आर. पुरमच्या बाजारात कोणी 'नक्को' म्हणतो, वाक्यात जोर देण्यासाठी 'च' लावतो, तेव्हा मराठीने उत्तरेकडून आलेल्या बोलीला दिलेले देणे ऐकू येते. कन्नड, तमिळ, तेलुगूच्या गर्दीत मराठी माणूस इथे पाहुणा समजला जातो. पण इथून जुन्या मद्रास रस्त्याने होसकोटे आणि कोलारकडे निघालो तर ती सगळी एकेकाळी शहाजीराजांची जहागीर होती. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले आणि ते शहाजींकडे आले. विजापूरची चाकरी, दखनी बोली आणि मराठी दरबार हे इथे एकाच वेळी नांदत होते.

शहाजींचे वडील मालोजी हे शेख महंमदांचे शिष्य होते आणि त्यांनीच श्रीगोंद्याला त्यांना मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. शेख महंमदांचे गुरू चांद बोधले, कादिरी सूफी परंपरेतले. त्यांचेच दुसरे शिष्य एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, असेही परंपराच सांगते. रा. चिं. ढेरे आणि वा. सी. बेंद्रे यांनी हा पट मराठी वाचकापुढे उलगडला आहे. आता आक्षेप असा येईल की शेख महंमदांना इस्लामी तत्त्वज्ञानाच्या प्रस्तावनेत बसवायचे कशाला? ते वारकऱ्यांचे संत आहेत, त्यांची परिभाषा वेदान्ताची आहे, इब्न सीनाचे नावही त्यांनी ऐकले असेल असे दाखवता येत नाही. हे मान्यच केले पाहिजे. त्यांना गझालीचे मराठी शिष्य ठरवणे हा दारा शुकोहच्या जोड्यांचाच प्रकार होईल. पण अठरा प्रसंगांच्या या ग्रंथाची चौकट पाहा. योगाला संग्राम म्हटले आहे. साक्षी होऊन बाजूला बसलेल्या आत्म्याला लढाईची गरज नसते. लढाई त्याला करावी लागते ज्याच्यावर हरण्याची जबाबदारी पडू शकते. आणि स्वतःला अविंध म्हणवणारा हा माणूस दोन्ही धर्मांतल्या ढोंगावर कोरडे ओढतो तेव्हा त्याचा रोख प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी असतो: तुझ्या कर्माचा धनी तूच. वेदान्ताची भाषा घेऊनही जाबाचा प्रश्न त्यांनी सोडला नाही, असे मला दिसते. हे सूफी संस्काराने झाले की भक्तिमार्गातल्याच एका धारेने, हा वाद राहीलच. नफ्सशी झुंज ही मोठी झुंज, ही शिकवण कादिरी घरात मुरलेली होती, एवढे मात्र नक्की.

एक आक्षेप आजच्या वाचकाचा आहे आणि तो टाळता येणार नाही. मेंदूच्या अभ्यासाने मनाचे बहुतेक व्यवहार मज्जातंतूंच्या हिशेबात बसवत आणले आहेत. मग हजार वर्षांपूर्वीच्या आत्म्याचे काय करायचे? इब्न सीनाला या बातमीने धक्का बसला नसता. मेंदूच्या अमुक भागाला इजा झाली की अमुक शक्ती जाते, हाच त्याचा स्वतःचा पुरावा होता; कल्पना, स्मृती, वह्म हे सारे त्याने देहालाच देऊन टाकले होते. त्याने राखून ठेवली ती केवळ सामान्य संकल्पना जाणणारी बुद्धी, आणि तिथेही गझालीची मेंढी त्याच्या वाटेत उभी आहे. म्हणजे आजच्या विज्ञानाचा आक्षेप त्या परंपरेत आतूनच उठला होता, तोही एका धर्मनिष्ठाकडून. शरीररचनेच्या बाबतीत त्या पोकळ्यांचा नकाशा चुकलेला आहे, यात वाद नाही. जबाबदारीचा प्रश्न मात्र मज्जातंतूंनी सुटलेला नाही. गुन्हा मेंदूने केला असे म्हणून न्यायालय आरोपीला सोडत नाही.

पुढचे विवेचन वाचताना क्रम थोडा उलटा ठेवावा असे सुचवतो. काळानुसार फाराबीपासून सुरुवात केली तर त्याच्या विश्वरचनेतल्या दहा बुद्धींच्या उतरंडीत नवा वाचक दमतो. 'इह्या'चा एकविसावा ग्रंथ आधी घ्यावा, मग इब्न सीनाची अंतरिंद्रिये, त्यानंतर 'तहाफुत'चा अठरावा प्रश्न आणि इब्न रुश्दचे उत्तर. मुल्ला सद्रा त्यानंतरच. 'योगसंग्राम' निवडक ओव्यांतून वाचू नये. निवड करताना समन्वय हाती येतो आणि झगडा गळतो. बेंद्र्यांची प्रत मिळाली तर अठराही प्रसंग सलग वाचावेत, आणि शेजारी दासबोध उघडा ठेवावा.

के. आर. पुरम, बंगळूर